उतारवयांतील नम्रता

नम्रता तरुणाला शोभते असें आपण म्हणतों. पण तिची कसोटी उतारवयांतच लागते. मान मिळाल्यावर पुन्हां विद्यार्थी होणें कितीजणांना साधतें? पंडिता रमाबाईंना १८७८ सालीं कलकत्त्यांत ‘सरस्वती’ ही पदवी मिळाली. पुढें पन्नाशीच्या सुमारास त्याच विदुषीनें केडगांवीं हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासून बायबलाचें भाषांतर हातीं घेतलें, आणि तेंहि अल्पशिक्षित बायकांना कळेल अशा साध्या मराठींत! स्वतःस तुच्छ म्हणविणारी नम्रता मला नेहमींच संशयास्पद वाटते. त्यांत प्रौढीच अधिक. ख्रिस्तानें शिष्यांचे पाय धुतले ते कांहीं स्वतःस कमी लेखून नव्हे. रमाबाईंनींहि विद्वत्ता टाकली नाहीं, ती खालीं वांकविली. १९२२ सालीं, चौसष्टाव्या वर्षीं, मृत्यूनें गांठीपर्यंत त्यांची लेखणी याच कामावर होती.