देशांतर उरले आहे का?

परदेशी गेलेल्या माणसाने घरी फोन करण्याचा खर्च गेल्या पंचवीस वर्षांत जवळजवळ शून्यावर आला आहे. हॉटेलचे, विमानतळाचे किंवा यजमानाच्या घरचे वायफाय मिळाले की व्हॉट्सअ‍ॅपवरून तासभर बोलले तरी वेगळा पैसा पडत नाही. ही सोय सगळ्यांनी मुकाट्याने स्वीकारली. तिच्यामुळे धर्मविचारातला एक जुना प्रश्न पुन्हा उघडला, तिकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. माणूस दूर आहे असे कधी म्हणायचे, आणि दूर असलेला माणूस घराचे काय देणे लागतो? जुन्या ग्रंथकारांनी या प्रश्नाचा विचार करताना बातमी पोचायला लागणारा वेळ जमेस धरला होता. आता तो वेळच शिल्लक नाही.

या वेळाचा आणि पैशाचा हिशेब आधी पाहिला पाहिजे. २००२ पर्यंत भारतातून परदेशी होणारे फोन विदेश संचार निगम या एकाच सरकारी कंपनीच्या हातात होते. १ एप्रिल २००२ रोजी ही मक्तेदारी संपली आणि त्याच दिवसापासून इंटरनेटवरून परदेशी बोलायला, काही मर्यादांसह, कायद्याने परवानगी मिळाली. त्याआधीचे आयएसडी बूथ अनेकांना आठवत असतील. काचेच्या खोपटात माणूस उभा, डोळे समोरच्या मीटरवरच्या लाल आकड्यांवर, आणि ‘बरे आहात ना, बरे आहोत’ एवढ्यात बोलणे आटोपलेले. जे बोलायचे ते आधी मनाशी ठरवून यायचे. २००३ मध्ये स्काइप आले, २०१५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर बोलता येऊ लागले, २०१६ मध्ये चेहराही दिसू लागला. त्याच वर्षी जिओ आल्याने डेटा स्वस्त झाला, म्हणजे फोनचे घरचे टोकही तयार झाले. हे दुसरे टोक सहसा विसरले जाते. परदेशात वायफाय असून भागत नाही. घरच्या पाड्यावरही टॉवरची रेंज लागते.

व्यवहारात दोन वेगळ्या गोष्टी ‘वायफाय कॉल’ या एकाच नावाने चालतात. अ‍ॅपवरचा कॉल इंटरनेटवरून इंटरनेटवर जातो आणि दोन्हीकडे तेच अ‍ॅप असावे लागते. दुसरा प्रकार मोबाइल कंपनीच्या वायफाय कॉलिंगचा. भारतात तो २०१९च्या अखेरीस सुरू झाला. यात कॉल वायफायवरून आपल्याच कंपनीपर्यंत पोचतो आणि पुढे साध्या नंबरावर लागतो. परदेशातून तो वापरला तर कोणता दर लागेल हे कंपनीच्या अटींवर ठरते, म्हणून निघण्यापूर्वी विचारून घेतलेले बरे. फोन फ्लाइट मोडवर टाकून फक्त वायफाय चालू ठेवले की रोमिंगचे बिल चढत नाही. मात्र त्या वेळात बँकेचा ओटीपी येईलच याची खात्री नाही. काही देशांत ही वाटच बंद असते. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवर बोलता येत नाही, परवानगी मिळालेली वेगळी अ‍ॅप्स घ्यावी लागतात. चीनमध्ये तर व्हॉट्सअ‍ॅप पूर्णपणे अडवलेले आहे. अंतर सारखेच असते, पण कुठे बोलणे फुकट आणि कुठे मना. हा मुद्दा पुढे पुन्हा लागेल.

घरी पोचतो तो आवाज त्या माणसाचाच असतो का? बोलणाऱ्याच्या आवाजाची सेकंदाला हजारो वेळा मोजणी होते, त्या मोजणीचे आकडे आक्रसून साधारण वीस मिलिसेकंदांच्या पुडक्यांत बांधले जातात, आणि पुडकी वेगवेगळ्या वाटांनीही धावू शकतात. ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये त्या आकड्यांवरून आवाज नव्याने घडवला जातो. एखादे पुडके वाटेत हरवले तर फोन मागच्यापुढच्या आवाजावरून अंदाज बांधून ती फट बुजवतो. म्हणजे आईच्या कानावर पडलेला एखादा अर्धा स्वर मुलाने उच्चारलेलाच नसतो. त्याहून नवल शांततेचे. बोलणारा थांबला की पुष्कळदा काहीच पाठवले जात नाही. पण पूर्ण निःशब्दता झाली तर ऐकणाऱ्याला फोन तुटला असे वाटते. म्हणून ऐकणाऱ्याचाच फोन बारीकशी खरखर स्वतः तयार करून ऐकवतो. दोघे काही न बोलता फोन धरून बसतात तेव्हा ऐकू येणारी शांतता अशी बनवलेली असू शकते.

भारतीय दर्शनांना हा पेच अगदीच परका नाही. नैयायिकांच्या मते ध्वनी उत्पन्न होतो आणि नष्ट होतो. तोंडातून निघालेला ध्वनी कानापर्यंत जातच नाही. लाटेतून लाट उठावी तसा एका ध्वनीतून दुसरा उपजत जातो आणि कानाशी उपजलेला शेवटचा ध्वनी आपण ऐकतो. या मताने पाहिले तर वायफायवरचा आवाज आणि ओट्यावर बसून ऐकलेला आवाज यांत जातीचा फरक नाही. दोन्हीकडे मूळचा ध्वनी पोचत नाही, साखळी तेवढी वेगळी. मीमांसकांचे म्हणणे उलटे. वर्ण नित्य आहेत, ध्वनी त्यांना केवळ प्रकट करतो. त्यांच्या हिशेबी ‘आई’ हा शब्द डहाणूत आणि जपानात एकच, वाहन कुठलेही असो. दोन्ही पक्ष शतकानुशतके भांडले, पण फोनवरचा आवाज खोटा ठरवायला त्यांतला एकही कामाचा नाही. ही शंका तत्त्वज्ञानाच्या बळावर टिकत नाही. ती टिकते दुसऱ्या जागी: बोलणारा आप्त, म्हणजे विश्वासाचा, आहे की नाही हे कसे ओळखायचे? आवाजाची हुबेहूब नक्कल करून पैसे उकळणारे निघाल्यापासून हा प्रश्न पोथीतून बाहेर आला आहे.

बातमी आणि बांधिलकी यांचे नाते धर्मशास्त्राने सुतकाच्या प्रकरणात सर्वांत बारकाईने मांडले. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातला नियम असा: परदेशात गेलेल्या सपिंडाच्या, म्हणजे जवळच्या भाऊबंदाच्या, मृत्यूची वार्ता दहा दिवसांच्या आत कानावर आली तर उरलेले दिवसच सुतक धरायचे; दहा दिवस उलटल्यावर कळली तर तीन रात्री; वर्ष उलटून गेले असेल तर नुसत्या स्नानाने शुद्धी. आईवडिलांच्या बाबतीत स्मृतिकारांनी सूट ठेवली नाही. मुलाने कितीही उशिरा ऐकले तरी ऐकल्या दिवसापासून दहा दिवस. १७९० च्या सुमारास पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी रचलेल्या धर्मसिंधूसारख्या ग्रंथांनी असे निर्णय महाराष्ट्रातल्या घरांपर्यंत आणले. या सगळ्या नियमांमागे एकच धारणा आहे. मृत्यू झाला म्हणून बंधन लागत नाही, तो कळला म्हणून लागते. न कळणे हा दोष नाही, आणि अंतरामुळे न कळणे तर नाहीच.

देशांतर कशाला म्हणायचे, याचीही व्याख्या करावी लागली. निबंधग्रंथांत उद्धृत होणाऱ्या वचनांत तीन-चार कसोट्या सापडतात: मध्ये महानदी असणे, डोंगर असणे, भाषा बदलणे, ठरावीक योजनांचे अंतर असणे. त्यांच्याच सोबत एक कसोटी अशी येते की जिथली वार्ता दहा रात्रींत ऐकू येत नाही ते देशांतर. ही व्याख्या करणाऱ्याची नजर विलक्षण म्हटली पाहिजे. नकाशा बाजूला सारून त्याने दूरपणा वार्तेवर मोजला. या कसोटीवर तार आली तेव्हाच देशांतर हलले होते. दाराशी तार आली म्हणजे कोणीतरी गेले, एवढीच तिची ओळख खेड्यापाड्यांत होती. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तोवर तिचे काम फोनने घेतले होते. आज टोकियोत बसलेल्या माणसाला घरातली बातमी शेजाऱ्याच्या आधी कळू शकते. मग ग्रंथाच्या शब्दाप्रमाणे जपान देशांतर राहत नाही.

ही कसोटी कैनाडच्या परिसरात लावून पाहण्यासारखी आहे. कैनाड पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यात आहे. डहाणू आणि तलासरी हे आदिवासीबहुल तालुके, वारली वस्तीचे. या भागातली माणसे दोन अगदी भिन्न वाटांनी देशाबाहेर जातात.

पहिली वाट चित्रांची. डहाणू तालुक्यातल्याच गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची चित्रे १९८९ मध्ये पॅरिसच्या ‘माजिसियँ द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात होती. २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ इथे ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्या कामाबरोबर त्यांचे काम मांडले गेले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते वारले. त्यांच्यानंतरच्या पिढ्यांतले चित्रकार युरोप-जपानात कार्यशाळांना जातात. ड्युसेलडॉर्फ डहाणूपासून साडेसहा हजार किलोमीटरहून दूर आहे, पण तिथल्या वायफायवरून घरी रोज बोलणे होऊ शकते.

दुसरी वाट समुद्राची. पावसाळा सरला की डहाणू-तलासरीतले पुष्कळ आदिवासी तरुण खलाशी म्हणून ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर चढतात. मासळीच्या मागे बोट सागरी सीमेपाशी जाते, पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा ती पकडते आणि खलाशी कराचीच्या मलीर तुरुंगात पोचतात. सुटकेला वर्षे लागतात. काहींचा तिथेच मृत्यू झाला आहे. ओख्याहून कराची सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरही नाही. २००८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या याद्या देतात, आणि अटकेपासून तीन महिन्यांत वकिलातीच्या अधिकाऱ्याची भेट व्हावी असे ठरले आहे. तीन महिने आणि सहा महिने ही मुदत दहा रात्रींशी ताडून पाहावी. शास्त्राच्या कसोटीवर जर्मनी घरात येते आणि कराची देशांतर ठरते.

तेव्हा देशांतर संपलेले नाही, त्याची जागा बदलली आहे. पूर्वी ते नदीने, डोंगराने, योजनांनी ठरे. आता ते परवानगीने ठरते. अमिरातीतल्या मजुराचे अ‍ॅप अडवले जाते ते याचेच सौम्य रूप, तुरुंग हे टोकाचे.

ज्याला फोन करता येतो त्याच्या बाबतीत प्रश्न उलट बाजूने येतो. बूथच्या काळात न बोलण्याला कारण होते. मुलगा महिनाभर गप्प राहिला तर आई म्हणे, फोन महाग आहे. ती सबब खरी असो वा नसो, दोघांची लाज राखायची. कॉल फुकट झाला आणि गप्प राहण्यावर पांघरूण उरले नाही. स्मृतिकारांनी ‘कळले नाही’ याला माफी दिली होती. ‘विचारले नाही’ याला द्यायची की नाही, हे ठरवण्याची वेळच त्यांच्यावर आली नव्हती. आज ती आली आहे. रोज फोन केलाच पाहिजे असा धर्म कोणी सांगितलेला नाही, आणि रोजच्या पाळतीसारखा फोन हा काही जिव्हाळाही नव्हे. पण आजारी माणसाची खबर न घेण्याला अंतराचे कारण आता चालत नाही, एवढे मान्य करावेच लागते.

आवाज पोचला म्हणजे माणूस पोचला असे मात्र कर्मकांड मानत नाही. संकल्पात देश आणि काळ उच्चारावे लागतात, आणि तिथे यजमान बसला आहे त्या जागेचे नाव येते. पुण्याचे गुरुजी व्हिडिओ कॉलवर न्यू जर्सीतल्या घरी पूजा सांगतात, तेव्हा गोदावरीचा तीर उच्चारून भागत नाही. काही पुरोहित तिथे क्रौंचद्वीप म्हणतात. अंतर वायफायने मिटवले, पण संकल्पाने ते नोंदवून ठेवले. देह जिथे नाही तिथल्या कर्मासाठी शास्त्राने वेगळी तजवीज केली आहे ती प्रतिनिधीची. नित्य आणि नैमित्तिक कर्मांत प्रतिनिधी चालतो, काम्य कर्मात चालत नाही. परदेशातल्या मुलाच्या वतीने भाऊबंदांपैकी कोणी अग्नी दिला तर ते शास्त्राला धरून आहे. मुलाने ते पडद्यावर पाहणे हे त्याच्या मनासाठी आहे, कर्मासाठी नाही. २०२० च्या टाळेबंदीत असंख्य घरांनी असे अंत्यदर्शन घेतले. त्याला हसण्याचे कारण नाही, तसेच ते सारखेच होते असे म्हणण्याचेही नाही.

वारली लग्नातही आवाज आणि जागा यांची वाटणी स्पष्ट दिसते. सवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, मध्ये पालघट देवी असते. लग्न लावणारी स्त्री, म्हणजे धवलेरी, गाऊन देवांना बोलावते. तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. बोलावणे आवाजाने होते, पण देवाने यायचे ते त्या भिंतीवर, त्या चौकात. कार्यशाळेसाठी परदेशी गेलेला एखादा भाऊ ते गाणे फोनवर ऐकू शकेल, चौकही पाहू शकेल. पण तो लग्नाला होता असे पाड्यावर कोणी म्हणणार नाही, आणि परतल्यावर तो स्वतःही म्हणणार नाही.

फोनने होण्यासारखे आणि न होण्यासारखे यांची सीमा इथे पडते. खबर, सल्ला, धीर, क्षमा मागणे, आजाऱ्याशी दोन शब्द हे सगळे आवाजाने पुरे होते, आणि ते स्वस्त झाल्यामुळे टाळता येत नाही. खांदा देणे, चौकासमोर बसणे, पंगतीत वाढणे यांना देह लागतो. मलीरमधल्या खलाशाच्या वाट्याला यातले दुसरे येणार नाही हे उघड आहे, पण पहिले नाकारायला तांत्रिक अडचण कुठलीच नाही. पुडक्यांतून जाणाऱ्या आवाजाला सागरी सीमा आडवी येत नाही, खर्चही नगण्य. २००८ च्या करारात कैद्यांच्या याद्या आणि वकिलातीची भेट येते. कैद्याला ठरावीक मुदतीत घरच्यांशी फोनवर बोलू देण्याची तरतूद दोन्ही सरकारांनी त्यात घालावी.