पिवळा दिवा

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर ‘एबीएस’चा पिवळा दिवा लागला की चालवणारा आधी ब्रेक दाबून बघतो. गाडी थांबते. "ब्रेक तर लागतोय की," असं म्हणून तो मोकळा होतो आणि दिवा पुढे महिनोन्‌महिने जळत राहतो. सोलापुरात एमएच-१३ पाटीच्या दहा-बारा वर्षं जुन्या गाडीत बसलं की माझी नजर आधी तिकडे जाते. कुणी त्यावर काळी चिकटपट्टी लावलेली असते, कुणी तर मीटर उघडून बल्बच काढलेला असतो.

ब्रेक लागतो हे खरं आहे. एबीएस, म्हणजे अँटी-लॉक यंत्रणा, बंद पडली तरी साधा ब्रेक चालू राहावा, अशीच तिची रचना असते. फसगत होते ती इथेच. शहरात सात रस्ता चौकाच्या गर्दीत या यंत्रणेचं कामच पडत नाही. काम पडतं ते उसाच्या हंगामात, रात्री मोहोळकडून येताना. पुढच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो, आणि ती अगदी जवळ आल्यावरच दिसते. पाय सगळ्या ताकदीनिशी ब्रेकवर जातो. अशा वेळी चाकं जाम झाली, तर स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच घसरत जाते. एबीएस एका सेकंदात कितीतरी वेळा ब्रेकचा दाब सोडून पुन्हा धरतं, चाक फिरतं ठेवतं. गाडी लवकर थांबावी एवढ्यासाठीच ते असतं, असा अनेकांचा समज आहे. सुट्या खडीवर तर थांबायचं अंतर थोडं वाढूही शकतं. पण ट्रॉली चुकवून गाडी बाजूला काढता येते, आणि जीव वाचतो तो त्यामुळे.

मोटारींसाठी ही यंत्रणा बॉश कंपनीने १९७८ मध्ये बाजारात आणली. आपल्याकडे ती नव्या मॉडेलांना २०१८ च्या एप्रिलपासून आणि पुढच्या एप्रिलपासून सगळ्याच नव्या मोटारींना सक्तीची झाली. त्याआधी ती बहुधा वरच्या मॉडेलातच मिळे. म्हणजे ज्यांनी तेव्हा जादा पैसे मोजून ती घेतली, त्यांच्याच गाडीत ती आज बंद पडून आहे.

आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीचा हाच दिवा लागला, तेव्हा एका ठिकाणी ब्रेकचा दाब सोडणारं-धरणारं अख्खं मॉड्युलेटर बदलायला सांगितलं. खर्च ऐकून ते हबकले. मग ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने पहिलाच प्रश्न केला, "काका, दिवा घालवायचाय का दोष काढायचाय?" स्कॅनरवर कोड आला पुढच्या उजव्या चाकाच्या सेन्सरचा. कोड पुसला असता तर दिवा थोडा वेळ गेलाही असता. त्याने चाक उतरवलं. सेन्सरच्या टोकाला चुंबक असतो, त्यावर ब्रेकच्या लोखंडाचा काळा कीस दाट बसला होता. तो पुसला, दातेरी रिंग हाताने फिरवून एकेक दात बघितला, बेअरिंग हलवून बघितलं. सगळं ठीक. मग सेन्सरच्या वायरीला मल्टिमीटर लावला. आकडा स्थिर होता. तरी तो उठला नाही. एका हाताने वायर थोडी थोडी वाकवत वर गेला आणि शॉकॲब्सॉर्बरजवळच्या क्लिपपाशी आकडा एकदम गायब झाला. सोडली की परत यायचा. बाहेरचं रबर धड होतं, आतली तार तुटली होती. स्टिअरिंग वळलं की वायर तिथेच मुडपते. सेन्सर वायरीसकट बदलला, पुणे रस्त्यावर एक फेरी मारली, दिवा गेला. मॉड्युलेटरला हात लावायची वेळच आली नाही.

त्या वायर वाकवण्यातला धीर मला फार मोलाचा वाटतो. रोज त्रास न देणाऱ्या बिघाडाला आपण बिघाड मानतच नाही. बीपीची गोळीही काही दुखत नाही म्हणून अशीच बंद होते. आपल्याला नको असतो तो दिवा, आणि दिवा घालवणं सोपं असतं. कारण शोधायला मात्र गुडघे टेकून चाकापाशी बसावं लागतं.

उद्या चावी फिरवल्यावर लगेच स्टार्टर मारू नका. एबीएसचा दिवा लागायला हवा आणि काही सेकंदांत विझायला हवा. तो लागलाच नाही, तर तोही दोषच समजा. तो विझला नाही आणि त्याच्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही जळत राहिला तर गाडी काढूच नका, आधी ब्रेक ऑइल बघा. आणि ऊस रस्त्यावर यायच्या आत गाडी दाखवून घ्या. जाण्याआधी तिथला स्कॅनर एबीएसचे कोड वाचतो का, एवढं विचारा. स्वस्तातले बरेचसे फक्त इंजिनाचेच वाचतात.