दुसरी किल्ली

सारखी वाटणी म्हणजे न्याय, हे आपण मुलांना खाऊ वाटताना शिकवतो. खोली वाटताना ते गणित लगेच अडतं. शिवाजीनगरात रसेल मार्केटजवळ आमचं जुनं घर आहे. मुलांची खोली दहा बाय अकरा फुटांची, खिडकी एकच. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा आठचा. मधोमध भिंत घातली तर फूट सारखे मिळतील, पण खिडकी एकाच्याच वाट्याला जाईल. सुताराने तोडगा काढला: भिंत नको, पाच फूट उंचीचं कपाट आडवं टाकू. उजेड-वारा वरून दोघांनाही मिळेल, आणि धाकटा अजून काही वर्षं तरी वरून डोकावू शकणार नाही. मग तो त्याच्या दखनीत म्हणाला, ‘बच्ची कू जगा नै, ताला होना.’

हिंदीत ‘होना’ म्हणजे असणं. दखनीत तेच हवं असणं. मुलीला जागेपेक्षा कुलूप हवं होतं, आणि ते आमच्याआधी त्याला कळलं.

‘प्रायव्हसी’साठी मराठीत आपण पटकन ‘एकांत’ म्हणतो. अनुवाद करताना मी तो शब्द टाळते. एकांतात दुसरं कुणी नसतं. इथे माणसं असतात, पण ती बघत नाहीत. मुंबईच्या चाळीत एका खोलीत आठ-दहा माणसं राहत. तिथे एकांत कुठला? पण प्रत्येकाची एक ट्रंक असे, निदान एखादा कोनाडा, आणि दुसऱ्याच्या ट्रंकेला हात लावायचा नाही हा रिवाज. (सुनेच्या ट्रंकेलाही तो लागू होता की नाही, हे सुनांनाच विचारावं.)

याच बंगळुरूत राहिलेले निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारविरुद्ध याचिका केली होती. त्यातूनच 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क माणसाला जोडलेला आहे, जागेला नाही, असं त्या निकालात म्हटलं आहे. बालहक्कांच्या 1989च्या आंतरराष्ट्रीय करारातलं सोळावं कलम मुलांनाही तो देतं. भारत 1992 साली त्या करारात सामील झाला. सरकारने आपल्या कपाटात डोकावू नये, हे आपल्याला चटकन पटतं. पण मुलांच्या बाबतीत सरकार कोण असतं?

कुलपाबरोबर दोन किल्ल्या आल्या. नवऱ्याचं म्हणणं, अडीनडीला एक आपल्याकडे असावी. वय अडनिडं आहे. भीती खोटी नाही. पण त्याला ज्याची भीती वाटते ते फोनमधून येतं, आणि फोनचे नियम आम्ही तिच्यादेखत, उघडपणे ठरवले आहेत. खणात वह्या आहेत. आमच्याकडे किल्ली राहिली तर तो खण आमचाच, तिने फक्त सामान ठेवलेलं. ‘मी उघडणार नाही’ या शब्दालाही मग किंमत उरत नाही, कारण तो रोज नव्याने पाळायचा की नाही हे माझ्याच मर्जीवर. दुसरी किल्लीही मी तिलाच दिली. कुणाकडे ठेवायची ते ती ठरवील.

मुलाने कुलूप मागितलेलं नाही. त्याला पलंग कपाटाला टेकवून हवा आहे, ताईचा आवाज येईल असा. ताईला तो पलीकडच्या भिंतीशी हवा आहे. हा तंटा अजून मिटलेला नाही.