जन्माआधीच निरोप



पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी हा हल्ली घरातला आनंदाचा दिवस असतो. पण कधीकधी डॉक्टर पडद्याकडे पाहता पाहता गप्प होतात. मग कोल्हापूरच्या, मुंबईच्या फेऱ्या, आणि शेवटी कानावर येते, "हे बाळ जगणार नाही." अशा आईवडिलांविषयी आपण चर्चमध्ये फारसे बोलत नाही.

२००८ साली मुंबईच्या निकेता आणि हरेश मेहता या दांपत्याची बातमी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. पोटातल्या बाळाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचे कळले, तोवर कायद्याची २० आठवड्यांची मर्यादा उलटली होती. ४ ऑगस्टला उच्च न्यायालयाने गर्भपाताची परवानगी नाकारली. त्याच महिन्यात ते बाळ पोटातच गेले. देशभर वाद झाला. पुढे २०२१ मध्ये कायदाही बदलला. ख्रिस्तसभेची शिकवण आपणास ठाऊक आहे. ती बदललेली नाही. पण त्या वादात एक गोष्ट आम्हाला खटकली. बाजू घेणारे पुष्कळ होते, त्या आईला रात्री झोप लागते का हे विचारणारे थोडे. बाळाला शेवटपर्यंत पोटात वाढव असे जो समाज सांगतो, त्याने ते चार महिने तिच्याबरोबर चालायलाही हवे.

ते महिने कसे असतात? पोट दिसत असते. मासळीबाजारात कोणीतरी हसून विचारते, "कितवा गं?" बाळ लाथ मारते, आणि त्याच क्षणी आईला आठवते की हे पाय कधी चालणार नाहीत. मृत्यू व्हायचा असतो, पण शोक सुरू झालेला असतो.

त्यात घरचे शोध लावतात. ग्रहणात बाहेर गेली, जड उचलले, कुणाची नजर लागली. हे बोलणे थांबवा. मेंदू व कवटी नीट न घडण्याचा जो जीवघेणा दोष असतो, तो गर्भधारणेनंतर पहिल्या सुमारे २८ दिवसांत होतो. तेव्हा बहुतेक बायांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. आईचा त्यात अपराध नाही. (फॉलिक अॅसिडच्या गोळ्या दिवस राहण्याआधीपासून घेतल्यास हा धोका कमी होतो, एवढे मात्र आमच्या तरुण जोडप्यांनी ध्यानात ठेवावे.)

बाप बहुधा रडत नाही. तो रिपोर्टांची फाईल घेऊन धावतो, पैसे जमवतो, कामावर जातो. पत्नीला वाटते, याला काहीच वाटत नाही. दोघांचे दुःख एकच असते, वाट निराळी. हे आधीच कळले तर पुष्कळ घरे दुरावण्यापासून वाचतील.

आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही: बाळ गेल्यावरही दोन-तीन दिवसांत आईला दूध येते. त्या दिवशी तिच्याजवळ कोणी बाई असावी.

ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोवर ते चांगले मित्र होते. बिघडले ते तोंड उघडल्यावर. "देवाची इच्छा", "अजून वय आहे, दुसरे होईल" ही वाक्ये आपणही गिळावीत. दुसरे मूल हे या मुलाची भरपाई नव्हे.

ख्रिस्तसभा काय देते? बाळ जिवंत जन्मले आणि वेळ थोडा असला, तर नर्सनेही, मग ती कोणत्याही धर्माची असो, ख्रिस्तसभेला अभिप्रेत असलेला बाप्तिस्मा देण्याच्या हेतूने डोक्यावर पाणी ओतून पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा दिला तर तो खराच. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळाचा अंत्यविधीही, आईवडिलांची बाप्तिस्मा देण्याची इच्छा असल्यास, बिशपांच्या परवानगीने होऊ शकतो. जुन्या लोकांना लिंबोची भीती घातली जाई. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने स्पष्ट म्हटले की अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे.

म्हणून बाळाला नाव द्या. प्रसूतीआधीच आम्हाला कळवा. दवाखान्यात आम्ही येऊ, रात्री असली तरी.

२ नोव्हेंबरच्या मिस्सासाठी मृतांची नावे लिहून देताना या बाळांचीही द्या. चाळीस वर्षांपूर्वी गेलेले असेल तरी द्या. नाव ठेवलेच नसेल, तर 'आमचे बाळ' एवढेच लिहा.