पट्टा गेला, हात राहिला

जुन्या वळणाचा जॅझ ड्रमवाला नीट पाहिलात तर एक गंमत दिसेल. उजव्या हातातली काठी त्याने हातोडीसारखी वरून धरलेली असते. डाव्या हातातली मात्र कारकुनाने पेन धरून तळवा वर करावा तशी, अंगठ्याच्या बेचक्यातून निघून अनामिकेवर टेकलेली! उजवं मनगट ठोकतं, डावं कुलपात किल्ली फिरवल्यासारखं वळतं. हात एकाच माणसाचे, पण दोन वेगळ्या खात्यांत नोकरीला असल्यासारखे.

ही रीत पलटणीतली. तिथे ड्रम गळ्यातल्या पट्ट्याला अडकून डाव्या मांडीशी तिरका लोंबायचा, त्याची डावी कड उंच यायची. वरून मारायचं तर कोपर कानापर्यंत न्यावं लागलं असतं; म्हणून शिपायाने हात खालून घातला. पुढे ड्रम स्टँडवर बसला. पट्टा गेला, हात तसाच राहिला. जीन क्रुपा, बडी रिच असे एकाहून एक बहाद्दर त्याच हाताने मैफली मारून गेले.

मग ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स अमेरिकेत एड सुलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात आले. सात कोटींहून अधिक लोकांनी रिंगो स्टारला दोन्ही काठ्या एकसारख्या धरून वाजवताना पाहिलं आणि घरोघरची पोरं तशीच धरू लागली. तेव्हा पेटलेला वाद अजून विझलेला नाही.

मी पडलो कॉमर्सवाला. ज्या कारणासाठी खातं उघडलं ते संपलं की खातं बंद करावं, असं आधी वाटतं. पण मध्यंतरी त्या खात्यात व्याज जमलेलं असतं, त्याचं काय? जॅझमध्ये उजवा हात झांजेवर लय धरून बसतो आणि डावा मधूनमधून हळूच बोलतो. आपल्या डग्ग्याला तबल्यासारखं वाजव म्हणून कुणी दटावत नाही. तेव्हा डाव्याने वेगळं असण्यात काही पाप नाही. मात्र त्या हाताच्या सोयीसाठी काही जण आता स्टँडवरचा ड्रमच तिरका करतात! तिरक्या ड्रमसाठी हात वाकडा झाला, आणि आता वाकड्या हातासाठी ड्रम तिरका. याला काय म्हणावं?

माझं भांडण हाताशी नाही, उत्तराशी आहे. आमच्या शाखेत एक लाल रजिस्टर होतं. ते कशासाठी भरायचं, असं विचारलं की हेडक्लार्क म्हणायचे, "आधीपासून भरतात." रजिस्टरात फार तर शाई जाते. पण दहा वर्षांच्या पोराने "असं का धरायचं?" म्हणून विचारलं आणि मास्तर "थोर लोक असंच धरतात" एवढंच म्हणाले, तर त्यात त्या पोराची वर्षं जातात. मनगट त्याचं आहे. त्याला पट्ट्याची गोष्ट सांगावी, दोन्ही तऱ्हा धरून दाखवाव्यात, मग त्याने काय ते ठरवावं.

शिवाय थोरांचंही एकमत कुठे आहे? रोलिंग स्टोन्सचे चार्ली वॉट्स २०२१ साली वारले; रॉक वाजवूनही त्यांचा डावा हात पलटणीतलाच होता. उलट माइल्स डेव्हिसबरोबर वाजवलेल्या बिली कॉबहॅमच्या दोन्ही काठ्या सारख्या. आणि ज्याच्यामुळे एवढा गदारोळ झाला तो रिंगो? तो मुळात डावखुरा. उजव्यांसाठी मांडलेल्या ड्रमवर वाजवतो!