परमिट परत येईपर्यंत

भोरहून वरंध घाटाकडे निघालं की नीरा-देवघरच्या पाण्याला वळसे घालत रस्ता हिर्डोशीला येतो. पावसाळ्यात इथे झाड पडतं, फांदी तारांवर येते आणि वाड्यावस्त्या अंधारात जातात. मग सगळ्यांना एकाच माणसाची आठवण होते. वायरमन भिजत येतो, खांबाकडे बघतो, फोन कानाला लावून उभा राहतो. खालून कुणीतरी म्हणतंच, "चढा की भाऊ, दोन मिनिटांचं तर काम!"

काम दोन मिनिटांचंच असतं. वेळ लागतो तो आधी. उपकेंद्रातून फिडर बंद करून परमिट घ्यायचं, एबी स्विच उघडून कुलूप घालायचं, टेस्टर लावून तार तपासायची, कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करायचं. हेल्मेट, पट्टा. रबरी हातमोजा मनगटाकडून गुंडाळत हवा आत कोंडायची आणि कानाशी धरायचा. सुईएवढं भोक असलं तरी फुसफुस ऐकू येते.

फिडर बंद आहे, मग अर्थिंग कशाला? कारण वीज उलटीही येते. डीपी 11 हजार व्होल्ट उतरवून घरांना 230 देतो. पण कुणी चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर घरच्या वायरिंगला जोडला, तर तोच डीपी उलटा चालतो आणि 'बंद' तारेत हजारो व्होल्ट चढवतो. तार दिसायला तशीच असते. हे नजरेला कळत नाही, कुणीतरी शिकवावंच लागतं. अनुभवानं माणूस शिकतो खरं; पण विजेचा अनुभव दुसऱ्यांदा घ्यायला तो उरेलच असं नाही. म्हणून नव्या कंत्राटी पोराच्या हाती हातमोज्यांचा जोड ठेवायचा आणि प्रशिक्षणाचं 'नंतर बघू' म्हणायचं, याला मी सुरक्षा म्हणणार नाही. ती फक्त सामान दिल्याची नोंद झाली.

आपणही कमी नाही. पट्ट्याशिवाय सरसर चढणाऱ्याला आपण 'वाघ' म्हणतो, आणि परमिटची वाट बघणारा आपल्याला भित्रा वाटतो. हा मुलूख हिरडस मावळाचा, बाजीप्रभूंचा. 1660 साली घोडखिंडीत ते झुंजले ते विशाळगडावरच्या तोफांच्या इशारतीकडे कान लावून. इशारत होईपर्यंत जागा सोडायची नाही, हाही शौर्याचाच भाग होता. तो आपण पोवाड्यात ऐकतो आणि खांबाखाली विसरतो.

काम संपवून सगळी माणसं खाली उतरली, अर्थिंग काढलं, परमिट परत दिलं, की मगच फिडर चालू होतो. तेवढा वेळ अंधारात बसा, फोन करून घाई लावू नका. आणि घरी जनरेटर असेल, तर वायरमन शिडी लावण्याआधी तो बंद करा आणि तसं त्याला सांगा.