झोपलेला माणूस हलत नाही

माझ्या स्केचबुकांत पाठी फार आहेत. मंडईत वांगी निवडणाऱ्या बाईची पाठ, बसथांब्यावर ताटकळलेल्या माणसाची पाठ, पोह्यांच्या गाडीवर वाकलेल्या पोरांच्या पाठी. पाठींच्या खालोखाल झोपलेली माणसं: हातगाडीवर आडवा झालेला हमाल, मागच्या सीटवरून पाय बाहेर काढून पडलेला रिक्षावाला. त्यानंतर मोबाईलमध्ये मान घातलेली मंडळी. समोरून माझ्याकडे बघणारा जागा चेहरा हवा असेल, तर बरीच पानं उलटावी लागतात.

याचं तांत्रिक कारण मी कुणालाही बिनदिक्कत सांगते. रस्त्यावरचा माणूस आपल्यासाठी बसलेला नसतो. चालता माणूस डोकं आणि खांदे कागदावर उतरेपर्यंत कोपऱ्यावरून वळलेला असतो. पाठमोऱ्याला आपलं चित्र निघतंय हे कळत नाही, म्हणून तो अवघडत नाही. झोपलेला तर हलतच नाही. हे कारण खरं आहे. ते पुरेसं आहे का, हे तपासायचं मात्र मी टाळत आले होते.

जागेवर बसून शहर चितारण्याचा हा छंद पुण्या-मुंबईत आता चांगला रुजला आहे. रविवारी सकाळी गट जमतो. कुणाकडे घडीचं स्टूल, कुणाकडे वॉटरब्रश आणि खिशात मावेल एवढा रंगांचा डबा, कुणाकडे नुसतं शाईचं पेन. शेवटी सगळ्यांच्या वह्या कट्ट्यावर ओळीनं मांडायच्या, फोटो काढायचा, मग चहा. या छंदाला आजचं संघटित रूप दिलं ते सिअ‍ॅटलच्या वृत्तपत्रात काम करणाऱ्या गाब्रिएल कांपानारिओ यांनी. २००७ मध्ये त्यांनी असे चित्रकार इंटरनेटवर एकत्र आणायला सुरुवात केली आणि त्यातून अर्बन स्केचर्स ही जगभर पसरलेली संघटना उभी राहिली. तिचा एक छोटा जाहीरनामा आहे. त्याचा मथितार्थ असा, की प्रत्यक्ष जागेवर, बघून काढायचं. चित्र ही त्या स्थळाची आणि काळाची नोंद असते. आणि जे पाहिलं त्याच्याशी इमान राखायचं.

जागेवर काढायची अट मी पाळते. ऊन, धूळ आणि मागे उभं राहून 'तो खांब जरा वाकडा आलाय' असं सांगणारे काका, हे सगळं सोसून पाळते. ही एक पाळली की इमानाची अट आपोआप पाळली जाते, असं मी धरून चालले होते. मी तिथे होते, मग चित्र खरंच असणार. हे गृहीतक तपासायला घेतलं आणि ते एकेका बाजूनं ढासळू लागलं.

पहिली बाजू माझ्या हाताची. ज्यांनी शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या, त्यांना स्मरणचित्राचा पेपर आठवत असेल. बाजार, बसथांबा, जत्रा असले विषय यायचे आणि चित्रकलेचे सर तयारी करून घ्यायचे. पुढे डावीकडे मोठी भाजीवाली, एक गुडघा उभा, हातात तराजू. तिच्यासमोर पिशवी घेऊन वाकलेलं गिऱ्हाईक. मागे छत्री, तिच्याही मागे लहान लहान होत गेलेली घरं. ती भाजीवाली हातात इतकी पक्की बसली, की अजून निघालेली नाही. मंडईतल्या उंच गाळ्यावर मावशी मांडी घालून, नाकावर चष्मा ओढून, पैसे जमा झाल्याचं सांगणाऱ्या डबीकडे कान देऊन बसलेल्या असतात आणि माझं पेन त्यांचा एक गुडघा उभा करून मोकळं होतं. एकदा वही दाखवली तर मावशी म्हणाल्या, "हा कुठला तराजू, ताई? माझा काटा लाइटवरचा आहे. तो काढा. नाहीतर लोक म्हणतील, मापात मारते."

माझ्या पानावर तो पारड्यांचा तराजू शोभून दिसत होता. मावशींना शोभेशी कर्तव्य नव्हतं. त्यांची पत त्या काट्यावर होती. समोर बसूनही मी त्यांना बघितलंच नव्हतं. शाळेतली बाई त्यांच्या जागी आणून बसवली होती.

दुसरी बाजू गाळण्याची. पुण्यातल्या मंडईची अष्टकोनी मनोऱ्याची इमारत १८८६ची. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं ती रे मार्केट म्हणून उभी राहिली. तिच्यावर होणाऱ्या खर्चाला जोतीराव फुल्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे त्याच इमारतीला त्यांचं नाव दिलं गेलं. या मनोऱ्याची चित्रं माझ्याकडे भरपूर आहेत, कारण कमानी, उतरती छपरं आणि सकाळच्या लांब सावल्या म्हणजे पेनाची चंगळ. पण त्या चित्रांत वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स नाहीत. केबलींचं जंजाळ नाही. भुयारी मेट्रोचं काम तिथे वर्षानुवर्षं चाललं, २०२४ मध्ये स्थानक सुरूही झालं. माझ्या वह्यांत त्या कामाचा एक पत्रासुद्धा नाही. जिला स्थळकाळाची नोंद म्हणायचं, तिच्यातून काळ बेमालूम वगळलेला.

विचारलं तर मी म्हणाले असते, रचनेसाठी गाळलं. तो चित्रकाराचा हक्क आहे आणि तो मी सोडणार नाही. सगळंच काढायचं तर कागद पुरणार नाही. पण गाळलेल्या गोष्टी सगळ्या एकाच बाजूच्या निघाल्या, तर त्याला रचना म्हणता येत नाही. ते मत होतं. पुणं जुनं होतं तेव्हा देखणं होतं, हे ते मत. मी ते कधी तोंडानं मांडलं नाही, कुणाशी त्यावर वाद घातला नाही. नुसती पानामागून पानं भरत गेले.

वाड्यांच्या बाबतीत हे मत जास्तच उघडं पडतं. कसब्यात, शनवारात टेकू दिलेले सज्जे, गंजलेले पत्रे, भिंतीच्या फटीतून उगवलेला पिंपळ दिसला की आमचा गट तिथेच बैठक मारतो. शाईला पोपडे आवडतात, गुळगुळीत भिंतीवर तिला कामच नसतं. वाडा पडला की आम्ही हळहळतो. अशाच एका वाड्यातल्या आजी अंगणात बादली घेऊन आल्या, आमच्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "काढा, काढा. पुढच्या वर्षी इथे लिफ्ट येणार आहे. तेव्हाही या हो." त्यांना रोज तो अंधारा, उभा जिना चढायचा होता. पावसाळ्यात गळणाऱ्या छपराखाली पातेली त्यांना मांडायची होती. लिफ्टच्या इमारतीचं चित्र काढायला आमच्यातलं कुणी जाईल असं मला वाटत नाही. ज्या पडझडीवर माझं प्रेम आहे, तिच्यात मला राहायचं नाही, हे त्या प्रेमाबद्दल पुरेसं बोलकं आहे.

आणि माणसं? चित्राखाली मी लिहिते: 'भाजीवाली, मंडई', 'हमाल, दुपार'. ही रीत जुनी आहे. कोल्हापूरला जन्मलेले, जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून तिथेच शिकवणारे म. वि. धुरंधर यांनी मुंबईच्या रस्त्यांवरची माणसं पोस्टकार्डांवर आणि पुस्तकांत अमाप चितारली. १९१२ मध्ये निघालेल्या 'बाय-वेज ऑफ बॉम्बे' या पुस्तकात त्यांची चित्रं आहेत. पुस्तकाचे लेखक एस. एम. एडवर्ड्‌स तेव्हा मुंबईचे पोलीस आयुक्त होते. धुरंधरांची रेघ मायेची आहे, ती माणसं त्यांना परकी नव्हती. तरीही जात, धंदा आणि पेहराव यांवरून माणसाला नमुना म्हणून बघणारी नजर त्या काळी राज्यकर्त्यांच्या सोयीची होती, आणि चित्रकाराचं निरीक्षण आणि पोलिसाचं निरीक्षण एकाच पुस्तकात शेजारी बसू शकलं.

पथारीवाल्यांना हा इतिहास वाचावा लागत नाही. मी वही उघडली की पहिला प्रश्न येतो, "पालिकेकडून आलात का?" फुटपाथवर उभं राहून, त्यांच्याकडे बघत वहीत काही टिपणारा माणूस सहसा त्यांचं भलं करायला आलेला नसतो. मी वही दाखवते, ते निवळतात, कुणी चहाही विचारतं. पण प्रश्न चुकीचा नसतो. मी पालिकेकडून आलेली नसले, तरी कुठून तरी आलेलीच असते: मनात आलं तर फुटपाथवर बसायला आणि कंटाळा आला की उठून घरी जायला मोकळी असलेल्यांच्यातून.

सगळ्यात अवघड जागा झोपलेल्या माणसाची. पहाटेपासून पोती उतरवून दुपारी गाडीवर आडवा झालेला हमाल चित्रकाराला मोह घालतो. तळवे पुढे मोठे, डोकं लांब लहान, मधे आखडून गेलेलं शरीर. हे साधायला कौशल्य लागतं आणि साधलं की वहीचं पान गटात उठून दिसतं. त्याचं तोंड उघडं असतं, सदरा वर सरकलेला असतो. माझ्या घरातल्या कुणाला असं झोपलेलं असताना परक्यानं चितारून मोबाईलवर टाकलं तर मला काय वाटेल, याचं उत्तर शोधावं लागत नाही. माझ्या घरातलं माणूस चार भिंतींच्या आत झोपतं, म्हणून तो प्रसंगच येत नाही. हमालाचं चित्र मला काढता येतं ते त्याला आडोसा नाही म्हणून. त्याच्याकडे जे नाही, त्यावर माझं पान उभं आहे.

मन लगेच वकिली करतं. चित्र म्हणजे फोटो नव्हे, चेहरा ओळखू येत नाही. एखाद्याकडे इतका वेळ नीट बघणं हाही आदरच. परवानगी मागितली की माणूस ताठ बसतो, बाई पदर सावरते आणि जे काढायचं होतं तेच नाहीसं होतं. शिवाय हमालाला वगळून नुसते मनोरे काढले तर ती लबाडी आणखी मोठी. यातला एकही मुद्दा खोटा नाही, शेवटचा तर मला पूर्ण मान्य आहे. मला खटकतं ते एवढंच, की सगळे मुद्दे दर वेळी माझ्याच बाजूनं निकाल देतात. आणि ही टोचणीसुद्धा तशी सोयीची आहे. ती बाळगून पुढच्या रविवारी पुन्हा तसंच काढता येतं, वर आपण संवेदनशील असल्याचं समाधानही मिळतं.

म्हणून टोचणीवर भागवायचं नाही असं ठरवलं. आता बसल्याबरोबर पेन उघडत नाही, आधी नुसती बघते. पानावर एक तरी अशी गोष्ट येऊ देते जी पान बिघडवते: फ्लेक्स, पत्रे, एसीचा डबा. जवळून काढायचं तर समोर बसते आणि विचारते. 'नको' म्हटलं तर वही मिटते. पान गटाला दाखवण्याआधी ज्याचं आहे त्याला दाखवते. आणि झोपलेल्याला काढणं बंद केलं आहे. यानं चित्रं सुधारली असती तर बरं झालं असतं. ती बिघडली. जागी माणसं थांबत नाहीत, त्यामुळे माझ्या पानांवर आता अर्धी माणसं आहेत: हात आहे तर चेहरा नाही, चेहरा आला तर पाय निघून गेले. कट्ट्यावर वह्या मांडल्या की माझी कच्ची दिसते, आणि ते मला लागतं. किती लागतं यावरून कळतं, की इतके दिवस मी शहरासाठी काढत होते की त्या कट्ट्यासाठी.

या नियमांनी हमालाचं काही भलं होत नाही, हेही लिहून ठेवायला हवं. मी त्याला काढलं हे त्याला माहीत नव्हतं, थांबवलं हेही माहीत नाही. त्याच्यासाठी जे झालं ते वेगळ्या माणसांनी केलं. बाबा आढावांनी याच शहरात हमाल पंचायत बांधली, 'कष्टाची भाकर'सारखी स्वस्त जेवणाची सोय उभी राहिली, १९६९ मध्ये राज्यात माथाडी-हमालांसाठी कायदा आला. त्या खात्यात माझ्या स्केचची जमा शून्य आहे आणि ती तशीच दाखवली पाहिजे. माझा नियम माझ्यापुरता आहे. तो मला इतकंच शिकवतो, की जागेवर असणं म्हणजे तिथलं मला दिसणं, आणि तिथल्या माणसांना मीही दिसणं. पाठीमागे बसून, झोपेची वाट बघून मी या दुसऱ्या अर्ध्यातून सुटत होते. जे पाहिलं त्याच्याशी इमान राखते असं म्हणायचं धाडस आज मी करणार नाही. जागेवर मात्र आता कुठे येऊन बसले आहे.